खुणेची टोपी

मी एक जुनी पांढरी टोपी आहे, मित्रांनो. माझ्याने ऊनही अडत नाही आणि थंडीही. पोहताना घालतात तशी घट्ट, ताणली जाणारी मी. पण पाणी कसं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

माझा जन्म कारखान्यातला, एका गठ्ठ्यातला. दवाखान्यात आले तेव्हा यंत्रवाल्या बाईंनी मला एका लिफ्ट दुरुस्तीवाल्याच्या डोक्यावर चढवलं, मोजपट्टी लावली आणि कपाळाच्या जरा वर, डाव्या अंगाला, पेनाने फुली मारली. रोज त्या फुलीवर यंत्राची चुंबकी गुंडाळी टेकायची आणि बाहेरूनच मेंदूला हलके ठोके द्यायची. कापाकापी नाही, सुई नाही, नुसती टकटक.

त्याला फोनवर जुगार खेळायची चटक होती. "हे यंत्र काही तुमचा हात धरणार नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. "खेळायची हुक्की आली की स्वतःला आवरायला मेंदूला थोडं बळ मिळतं का, ते बघायचं. पण रोज यायचं."

सोबत त्याची ताई यायची. त्याचा फोन तिच्या पर्समध्ये. "याने आजवर सगळ्यांना टोप्या घातल्या," ती बाईंना म्हणायची, "आता याला घालणारं भेटलं!" तो हसला की मला त्याच्या कानांपाशी कळायचं. एकदा मात्र ती हळूच म्हणाली, "बायको सोडून गेली, मुलंही गेली. आता परत खेळलास, तर माझ्या घरात पाय ठेवायचा नाही."

मग एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मित्रांनो, माझी फुली दुसऱ्या कुणाच्या डोक्याला चालत नाही. शेजारच्या टोप्या खुंटीवरून उतरायच्या, कामाला जायच्या, कोमट होऊन परतायच्या. मी तशीच. बाई मला झटकायच्या आणि पुन्हा टांगायच्या.

शेवटी ताई एकटीच आली. "परत खेळला," म्हणाली. "तोंड दाखवत नाही. टोपी नेऊ का? कधी दाराशी आलाच, तर त्याच्या डोळ्यांसमोर तरी राहील."

आपल्या घरी तिने मला साबणाने खसखसून धुतलं आणि दाराशी दोरीवर वाळत घातलं. फुली गेली. आता मी कुणाचीच नव्हते.

संध्याकाळी तो आला. उंबऱ्याबाहेरच घुटमळला. मला पाहून म्हणाला, "ताई, ही धुवायची नसते गं!"

"मला काय स्वप्न पडलं होतं? धुळीने माखलेली."

"खूण गेली ना. बाईंना सगळं परत मोजावं लागेल."

"मोजतील की."

"मोजतील, पण..." त्याने मला चाचपलं. "त्यासाठी डोकंही न्यावं लागेल ना."

ताई दारातून बाजूला सरली. मग म्हणाली, "ने उद्या. आत ये आता."

दुसऱ्या दिवशी बाईंनी नवी फुली मारली. तो पुरता बरा होईल की नाही, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही; मी कापडाची. पण रोज येणारं कुणी यायचं थांबलं, तर लगेच दुसऱ्या कामाला लागू नका. त्याच्या घरी जाऊन या. त्याला यायचं असतं, नुसती लाज वाटत असते.