गोणपाटाचा कोट

मनकर्णेने तो कोट शिवला, तेव्हा तिचा नवरा आसाराम चार दिवस लाजेने मान वर करत नव्हता. साखरेच्या दोन रिकाम्या पोत्यांचं गोणपाट, मध्ये जुन्या लुगड्याच्या तीन घड्या, गोधडीला घालतात तसे दाट टाके, आणि बांधायला पाठीवर नाड्या. आसाराम साखर कारखान्यात बॉयलरची दुरुस्ती करी. बॉयलर विझवला तरी भट्टीच्या विटा दोन-दोन दिवस धगधगत, आणि ढासळलेल्या विटा बसवायला आत शिरणारा माणूस अंगावर फोड घेऊनच बाहेर येई. तसं होऊ नये म्हणून हा कोट. अंगात घालायचा, वरून दोन बादल्या पाणी ओतायचं आणि आत शिरायचं.

"नंदीबैल दिसतोस लेका! गुबूगुबू तेवढं राह्यलं," म्हातारा फायरमन पुंजाराम त्याच्या नाड्या बांधता बांधता म्हणाला होता.

पण आसाराम अर्धा तास भट्टीत राहिला आणि बाहेर आला तो चक्क कुडकुडत. तेव्हापासून कुणी हसलं नाही.

हसू मावळलं त्याला दुसरंही कारण होतं. पूर्वी बॉयलर दोन दिवस निवू देत. कोट आल्यावर कारखान्याचे इंजिनिअर सुमंतसाहेब, त्यांनी त्याचा एक दिवस केला, मग एक रात्र. साहेब काही दुष्ट नव्हते. बहात्तरचा पाऊस गेलेला, होता नव्हता तेवढा ऊस गाड्यांवर वाळत होता. पण भट्टीवरच्या माणसांची उसंत गेली ती गेलीच.

"तुझ्या बायकोनं कोट न्हाई शिवला," पुंजाराम म्हणाला, "आमची सुट्टी शिवून टाकली."

त्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी आसारामच्या धाकट्या मुलीने, चांगुणाने, घरात एक उद्योग मांडला. दोन पेले पाण्याने भरले, दोन्हींना ओली फडकी गुंडाळली. एक खिडकीत ठेवला, दुसरा पत्र्याच्या पेटीत घालून झाकण लावलं.

"हे काय गं?" आसारामने विचारलं.

"शाळेत बाईंनी सांगितलंय. फडकं वाळताना पान्यातली ऊब घेऊन जातं. वारं लागलं तरच वाळतं. पेटीत कुठलं वारं? दादा, सकाळी दोनी पिऊन बघा."

सकाळी त्याने दोन्ही पेल्यांतला एकेक घोट घेतला. खिडकीतलं पाणी गार होतं, पेटीतलं कोमट. "हुशार हाय माझी बाय," म्हणत तो सायकलवर बसला आणि फाटकापर्यंत जाईतो विसरूनही गेला.

कारखान्यात पहाटेच बॉयलर बंद पडला होता. वरच्या ड्रमला जिथे नळ्या जोडलेल्या असतात, तिथे एक नळी गळत होती. ड्रम म्हणजे माणूस वाकून बसेल एवढी लोखंडी टाकी. आत जायला टोकाला एकच लांबट भोक, त्याला मॅनहोल म्हणत. पाणी काढून टाकलं होतं, पण लोखंडाला हात लावला तर मागे घ्यावा लागत होता.

"साहेब, उद्यापत्तुर निवू द्या," आसाराम म्हणाला.

"भट्टीत जातोस ना? मग ड्रमला काय झालं? तुझ्याकडे कोट आहे."

सगळी माणसं आसारामकडे पाहत होती. कोट चालत नाही असं म्हणायला त्याची जीभ रेटेना. मनकर्णेच्या हातचा कोट होता तो. त्याने कोट अंगात घातला आणि पुंजारामने पाठीवर गाठी मारल्या.

भिजलेला कोट मॅनहोलमधून जाणार नाही, म्हणून तो कोरडाच आत सरकला. मग पुंजारामने डब्याने पाणी दिलं, ते त्याने अंगावर ओतलं. खाली ओघळलेलं पाणी तापल्या लोखंडावर चर्रर्र वाजलं आणि ड्रम वाफेने भरून गेला.

रांगत पार टोकाला जाऊन त्याने नळी फुगवून घट्ट बसवायचं हत्यार नळीत घातलं आणि फिरवायला लागला. दहा वेढे झाले. एवढ्यात अंग निवायला हवं होतं. पण कोट गरम होत चालला होता. त्याने सोबत आणलेल्या डब्यातलं आणखी पाणी ओतलं, तसा तो आणखीच तापला. उकडत घातलेल्या रताळ्यासारखं त्याचं अंग झालं. सोबतच्या दिव्याभोवती वाफेचं कडं धरलं, श्वास अर्ध्यातच अडायला लागला.

पत्र्याची पेटी, त्याला एकदम आठवलं. भट्टीत धुराड्याची ओढ होती, वारं होतं, म्हणून कोट वाळत होता आणि वाळता वाळता गार करत होता. इथे कुठलं वारं? आपणच पेटीत बसलोय, आणि झाकण लावून.

तो मॅनहोलकडे सरपटला. डोकं बाहेर गेलं, एक हात गेला, खांदे अडकले. भिजून फुगलेलं गोणपाट काठाशी गोळा झालं होतं.

"वढ, पुंजारामदादा!"

पुंजारामने ओढलं तसा तो पाचरीसारखा आणखीच घट्ट बसला.

"मागं सरक! कोट काढ!"

तो मागे सरकला. गाठी पाठीवर होत्या, ओल्या, आवळलेल्या. बोटं पोचली, पण गाठ सुटेना. मग त्याने कमरेला खोचलेली छिन्नी खांद्याच्या शिवणीत घातली. मनकर्णेचे टाके! एकेक उसवताना जीव जातोय असं वाटत होतं, आणि खरंच जात होता. खांदा सुटला, दुसरा सुटला, कोट अंगावरून खाली गेला. उघड्या पाठीला लोखंड चाटलं तेव्हा तो ओरडला, पण बाहेर निघाला.

पुंजारामने त्याला माठाशी नेलं. साहेब धावत आले.

"नळी बसली?"

"अर्धी."

"कोट कुठंय?"

"आत हाय साहेब."

साहेबांनी ड्रमकडे पाहिलं. गोणपाट आत ठेवून वाफ करता येत नाही. धागे नळ्यांत जाऊन बसतात. "कुणीतरी जा आणि काढा."

कुणी हललं नाही.

"कोट एकच हाय साहेब," पुंजाराम म्हणाला, "आन त्यो आत हाय. कोटाबिगर जायचं तर ड्रम निवायला पायजे. दोन दिस."

साहेब घड्याळाकडे पाहत राहिले. मग निघून गेले. कोट आल्यापासून पहिल्यांदाच दोन दिवस मिळाले.

संध्याकाळी आसाराम घरी आला, तर दारात कोऱ्या गोणपाटाची चार पोती. कारखान्याचा शिपाई टाकून गेला होता. मनकर्णा खुशीत दाभणात सुतळी ओवत बसली होती.

"साहेबानं चार कोट सांगितल्यात! मी म्हनलंच हुतं की न्हाई?" आणि मग तिला त्याची पाठ दिसली. दाभण हातातच राहिलं. "अगं आई! हे काय झालं?"

त्याने सगळं सांगितलं. चांगुणा दाराशी उभी राहून ऐकत होती. मनकर्णेने पोती कोपऱ्यात लोटली.

"न्हाई शिवायची मी."

आसारामला सुमंतसाहेब आठवले, वाळणाऱ्या उसाच्या गाड्या आठवल्या. हिने नाही शिवले तर दुसरी कुणी शिवील, आणि ती मागेच गाठी ठेवील. भट्टीत शिरणं तर कुणाला चुकणार नव्हतं.

"शीव," तो म्हणाला. "ड्रममधी ह्यो कोट घालून कुनी जानार न्हाई, हे मी उद्या साहेबाला तोंडावर सांगतो. आन त्यांला पेटीतलं पानीबी पाजतो." त्याने चांगुणाकडे पाहिलं. मग एक पोतं पुढे ओढून मनकर्णेसमोर ठेवलं. "पर ह्या वक्ताला नाड्या फुडं लाव. ज्याच्या त्याला सुटतील अशा."