शेवटच्या स्तंभातले अध्यक्ष

"साहेबांचा फोटो तेवढा काढा तिथून," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. "ती निऑनची जागा आहे."

मुख्याध्यापक नव्या फलकाकडे कौतुकाने बघत राहिले. बाईंनी बावीस वर्षांपूर्वी सुट्टीत स्वतःच्या हाताने भिंतीवर रंगवलेली आवर्तसारणी त्या फलकाने पुरती झाकली होती. फलकावरही मूलद्रव्यं होती, पण उजवीकडच्या अख्ख्या शेवटच्या स्तंभात संस्थेचे अध्यक्ष हात जोडून उभे होते.

"छापणाऱ्याने विचारलं, कुठला स्तंभ काढू? मी म्हटलं, शेवटचा काढ. ते वायू कुणाशी संयोगच पावत नाहीत ना? मग ठेवून करायचंय काय?"

हा गृहस्थ इतिहास शिकवत शिकवत वर चढला होता आणि इतिहासही त्याला धड येत नव्हता. अध्यक्षांच्या मोटारीचं दार कुठल्या बाजूने उघडायचं, एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं.

"उद्या साहेब तुमचा पाठ बघायला येतायत," तो म्हणाला. "त्यांना पसंत पडला तर फलक कायमचा चिकटवू. नाही तर तुमची भिंत तुम्हाला लखलाभ."

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले आणि पुढच्या बाकावर कसेबसे मावले. पाठ रासायनिक बंधाचा होता.

"सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन. तो क्लोरीनला देऊन टाकतो आणि मीठ तयार होतं," बाई म्हणाल्या. "का देतो?"

"निऑनसारखं व्हायला," खिडकीजवळची मुलगी म्हणाली. मग तिने फलक नीट न्याहाळला. "बाई, पण निऑन कुठाय?"

वर्गात खसखस पिकली. मुख्याध्यापकांना घाम फुटला. बाई अध्यक्षांकडे वळल्या.

"तुमच्या फोटोच्या जागी आहे, साहेब. बाकीच्यांना आपली बाहेरची कक्षा त्या वायूंसारखी भरलेली हवी असते. म्हणून कुणी देतं, कुणी घेतं, कुणी वाटून घेतं. तो स्तंभ नसेल तर बंध शिकवू कशी? माझी भिंत राहू द्या."

अध्यक्षांनी डोकं खाजवलं आणि एकदम त्यांचा चेहरा फुलला. "म्हणजे सगळ्यांची धडपड आमच्यासारखं व्हायची! वा! मग फोटो अगदी जागेवर आहे की!"

मुख्याध्यापकांनी टाळ्या पिटल्या. बाईंना दोघांचीही किळस आली.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "ते कुणाकडून काही घेत नाहीत, म्हणून त्यांना ती जागा आहे."

अध्यक्षांना हे बोलणं कळायला जरा वेळ लागला. कळलं तसे ते उठले आणि चहा न घेताच निघून गेले.

शाळा सुटल्यावर शिपाई पत्र्याची पट्टी घेऊन आला. फलक कायमचा चिकटवायचा, त्याआधी खालचा रंग खरवडून काढायचा, असा हुकूम होता.

"कुठून सुरू करू, बाई?" त्याने खाली बघत विचारलं.

"डावीकडून करा. उजवीकडचा स्तंभ शेवटी."

तो स्टुलावर चढला. हायड्रोजनचा पोपडा खाली पडला, मग लिथियमचा. स्टूल डुगडुगत होतं.

"बाजूला व्हा बाई, डोळ्यांत जाईल."

"तुम्ही खरवडा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.