गुडघ्याएवढा उजेड

“इथं,” बत्तीकाकू म्हणाल्या आणि थांबल्या. उजव्या पायाचा अंगठा तंबूच्या ताणलेल्या दोरीला लागला होता.

मागून येणाऱ्या मुलानं त्या जागी चुन्याची चिमूट टाकली. त्याच्या हातात टॉर्च होती, पण बंद. ती लावलेली आईला चालत नसे.

“एकोणतीस झाल्या,” तो म्हणाला. “आई, नकाशा आहे माझ्याकडे. दर आठ पावलांवर एक खुंट ठोकला की झालं.”

“नकाशाला ठेच लागते का रे?”

तो हसला नाही. पूर्वी हसायचा.

गाण्याच्या तीन दिवसांच्या महोत्सवासाठी माळावर तंबूंची वस्ती उभी राहिली होती. उद्या दुपारपासून माणसं येणार. स्टेजचा झगमगाट दुसऱ्याच कुणाकडे असे; वस्तीतला उजेड मात्र पहिल्या वर्षापासून याच घराकडे होता. काकूंचा नवरा वायरमन. रंगाचे रिकामे डबे उभे चिरून, त्यांत बल्ब बसवून, ते गुडघ्याएवढ्या खुंटांवर खाली तोंड करून टांगायची युक्ती त्याची. उजेड जमिनीवर पडावा, तंबूत झोपलेल्याच्या डोळ्यांवर नाही. पण तो कुठे पाडायचा हे ठरवायचं काम काकूंचं. आदल्या रात्री त्या अनवाणी सगळी वस्ती फिरत. अडखळल्या की तिथे खुंट.

“स्टेजपाशी तीन तास डोळे दिपवून घेतलेला माणूस पहिली शंभर पावलं आंधळाच असतो,” नवरा सांगायचा. “त्याच्यासाठी तू आधी आंधळी हो.”

तो जाऊन सहा वर्षं झाली. आता कंत्राट मुलाच्या नावावर होतं, आणि काकूंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.

“काय बत्तीकाकू,” पाण्याच्या टँकरवाल्यानं खिडकीतून हाक मारली, “जमिनीचे पाय चेपताय का?”

“तुझ्या चाकांनी पाडलेले खड्डे मोजतेय, बाबा.”

संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर काकू दोनदा फिरल्या. यंदा नळासाठी त्या वाटेला आडवा नवा चर खणला होता, गुडघाभर खोल. त्यावर फळी होती, पण एका कडेला. तिच्या अलीकडेच एका तंबूची दोरी. रात्री तिथून बायका येणार, झोपेतली पोरं कडेवर घेऊन येणार. काकूंनी चराच्या दोन्ही अंगांना एकेक डबा सांगितला आणि त्या वाटेवरच्या डब्यांची लाईन दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या हातानं टाकली. प्रत्येक जोड ओढून पाहिला.

महोत्सवाच्या मॅनेजरला यंदा फोटोत वस्ती दिसायला हवी होती. म्हणून मुलानं सात झाडांवर रंगीत दिवे चढवले. जनरेटर तोच जुना.

पहिल्या रात्री गाणं रंगात आलं असताना काकू त्यांच्या सामानाच्या व्हॅनमध्ये आडव्या झाल्या होत्या. किंकाळी ऐकू आली तशा त्या चप्पल न घालताच धावल्या. एक बाई चरात पडली होती. हात कोपरापासून भलत्याच बाजूला वळलेला. चार जणांनी तिला खाटेवर घालून रुग्णवाहिकेपर्यंत नेलं. वाटेवर काळाकुट्ट अंधार होता, एकही डबा पेटलेला नव्हता. लांबवर झाडं मात्र गुलाबी होत होती, मग निळी, मग परत गुलाबी.

काकू वायरीला हात लावून, चाचपत, जनरेटरजवळच्या बोर्डापर्यंत गेल्या. टोक हाताशी आलं. ते सुटलेलं नव्हतं, काढलेलं होतं. त्यावर काळ्या चिकटपट्टीचे तीन वेढे होते आणि पट्टीचा शेवट दुमडून ठेवला होता, पुढच्या वेळी नखानं सहज निघावा म्हणून. असा शेवट दुमडणारं या मैदानावर एकच माणूस होतं. नऊ वर्षांचा असताना बापानं त्याला ते शिकवलं, तेव्हा काकू शेजारीच बसल्या होत्या.

त्या तिथेच उभ्या असताना मॅनेजर आला. बरोबर मुलगा.

“ही लाईन कुणी टाकली?” मॅनेजरनं विचारलं.

मुलानं आईकडे पाहिलं नाही. “आईनं. मी नको म्हटलं होतं. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय अजून. एखादा जोड सैल राहिला असेल.”

“काकू?”

वायरीचं टोक काकूंच्या मुठीत होतं. नुसती मूठ उघडली असती तरी पुरे होतं.

मॅनेजर आवाज चढवणारा नव्हता. “हे बघा, ज्याच्या चुकीनं हे झालं, तो उद्यापासून मैदानावर काम करणार नाही. मला वर उत्तर द्यायचंय.”

“लाईन मीच टाकली,” काकू म्हणाल्या.

देवाला स्मरून त्या आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. आताही शब्दाला शब्द खरा होता. तरी जीभ कडू पडली.

“मग उद्या तुम्ही घरी जा. वायरीला हात लावू नका परत.” मॅनेजर निघून गेला. काकूंनी मूठ उघडली आणि टोक होतं तसं बोर्डाखाली ठेवलं.

दोघं व्हॅनमध्ये आले. मग मुलगाच म्हणाला, “झाडांवरच्या दिव्यांच्या भारानं जनरेटर बसत होता. एक लाईन काढावी लागली. म्हटलं, तासाभराचा प्रश्न आहे.”

“तीच का?”

“तिथला फोटो कोण काढणार?”

“मला सांगायचंस. मी उभी राहिले असते तिथं.”

“आता हे नको. काय म्हणायला हवं होतं मी? मीच काढली म्हणून? कंत्राट गेलं असतं माझं. तू तशीही पुढच्या वर्षी येणार नव्हतीस.” त्यानं चपला काढल्या. “तुझं आता काय जाणार आहे, आई?”

काकूंनी खरंच विचार केला. बावीस वर्षांत त्यांनी लावलेल्या वाटेवर कुणी पडलं नव्हतं. ही गोष्ट कुठे लिहिलेली नव्हती, कुणाला माहीतही नव्हती.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “झोप आता. लवकर उठायचंय तुला.”

सकाळपर्यंत सगळ्या मैदानाला कळलं होतं. चराच्या कडेनं लाल पट्टी बांधली गेली, जी दिवसा छान दिसत होती. ती लाईन तशीच बंद राहिली, कारण मोठा जनरेटर उद्या येणार होता आणि झाडांचे फोटो सगळीकडे पोचले होते.

टँकरवाला आज खिडकीतून हसला नाही. “काकू, दिसत नाही तर घरी बसावं माणसानं. कुणाचा जीव गेला असता तर?”

“खरंय,” काकू म्हणाल्या.

मुलानं त्यांची पिशवी फाटकापाशी आणून ठेवली. शेवटची बस दिवेलागणीला होती. त्यानं खिशातून त्यांच्या डोळ्याच्या थेंबांची बाटली काढून पिशवीत वर ठेवली, झाकण घट्ट केलं आणि झाडांकडे गेला.

बस यायला थोडा वेळ असताना एक गाडी फाटकाशी थांबली. कालचीच बाई. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. तंबूतलं सामान न्यायला आली होती. काकू उठल्या आणि तिच्याबरोबर चालू लागल्या. तंबूत जाऊन त्यांनी तिची बॅग भरली, उचलली. बाहेर येईपर्यंत अंधारून आलं होतं.

“तुम्ही इथल्याच का?” बाईनं विचारलं.

“ती लाईन मी टाकली होती.”

बाईनं गळ्यातली झोळी सावरली. “मी नर्स आहे. दोन वर्षांनी सुट्टी मिळाली होती मला. आता हा हात कधी सरळ होतोय कुणास ठाऊक.”

“हो.”

“मोतीबिंदू आहे म्हणे तुम्हाला. मग कशाला करायची असली कामं? हौस?” पुढचं बोलायच्या आत काकूंनी तिच्या चांगल्या हाताचा दंड धरला.

“दोरी आहे. पाय उचला.”

बाईनं पाय उचलला. पुढे आणखी एक दोरी आली, मग खड्डा, मग उखडलेला दगड. प्रत्येक वेळी काकू एक पाऊल आधी सांगत होत्या.

“तुम्हाला तर सगळं दिसतंय,” बाई म्हणाली.

“पायांची सवय आहे.”

गाडीत बसल्यावर बाई काचेतून त्यांच्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण गाडी वळली. बसही आली. कंडक्टरनं हात केला, काकूंनी नाही म्हणून मान हलवली आणि बस गेली.

वायरीला हात लावायची मनाई होती. बसायला नव्हती. काकूंनी टँकरजवळची बादली आणून चराच्या अलीकडे उपडी घातली आणि तिच्यावर पदर सावरून बसल्या. लाल पट्टी आता दिसत नव्हती.

गाणं सुरू झालं तशी माणसं येऊ लागली.

“पाय उचला. पुढे चर आहे, फळी डावीकडे.”

“अगं बाई, इथं कुणीतरी बसलंय!”

“डावीकडे. हां, आता सरळ.”

“काय मावशी, इथं पण तिकीट तपासता का?” एक जण हसत म्हणाला.

“तिकीट राहू दे. पाय उचल.”

कुणी हसलं, कुणी दचकलं, कुणी आभार मानले. एका बाईनं झोपलेलं मूल त्यांच्या मांडीवर दिलं आणि येताना घेऊन गेली. कोण बसलंय हे कुणालाच दिसत नव्हतं.

दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत डावी टाच घासत येणारी पावलं ऐकू आली. ती टाच त्यांनी बोट धरून चालवली होती. पावलं झाडांच्या उजेडाकडून आली, म्हणजे याला आता काही दिसत नसणार. दोरीपासून दोन पावलांवर ती येऊ दिली आणि काकू बोलल्या.

“दोरी आहे. पाय उचल.”

पावलं थांबली.

“बस चुकली तुझी?”

“नाही. गेली.”

त्याच्या पाठीमागे झाडं निळी झाली, मग गुलाबी. तो उभा होता. काही म्हणेल म्हणून काकू थांबल्या.

मग त्यानं पाय उचलला. दोरी ओलांडली. फळी चाचपून पलीकडे गेला. लांब जाईपर्यंत त्याची टाच घासत राहिली.

मागून दुसऱ्या कुणाच्या तरी चपला वाजल्या. काकू तिकडे वळल्या.