खिंडीतलं ऊन

पाटणच्या वर डोंगरात एक धरण आहे. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं की पुढच्या रविवारी तिथं गाड्यांची रांग लागते आणि पाण्यापेक्षा प्लास्टिक जास्त दिसायला लागतं. एवढंच सांगतो, की त्या धरणाला सायकलनं वेढा घालायचा तर एक अख्खा दिवस जातो, आणि ज्याच्या मांड्या कच्च्या आहेत त्याचा दुसराही दिवस जातो, अंथरुणात.

पलूसच्या सुभेदार कृष्णातांच्या मांड्या पक्क्या होत्या. फौजेतून घरी आल्यावर माणसं किराणा दुकान टाकतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. सुभेदारांनी गिअरची सायकल घेतली. चंद्राबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, या वयात शोभतं का म्हणून विचारून बघितलं आणि मग नाद सोडला. पुढच्याच वर्षी सुभेदारांनी शेजारच्या भरतेशलाही ओढला. भरतेशचं खताचं दुकान. दिवसभर गल्ल्यावर बसून त्याला साखरेचा आजार जडला होता आणि डॉक्टरांनी हातपाय हलवायला सांगितलं होतं. तेव्हापासून दर मार्गशीर्षात दोघं टेम्पोत सायकली टाकून मलकापूरला यायचे, तिथं मुक्काम करायचे आणि पहाटे कुठल्या तरी धरणाची वाट धरायचे.

वाट आखायचं काम सुभेदारांचं. कुठं चहा, कुठं जेवण, कुठल्या चढाला किती वेळ, सगळं ते आदल्या रात्रीच ठरवून टाकत आणि त्यात मिनिटाचा फरक पडला की चेहरा असा करत, जणू फरक शत्रूनं पाडलाय. भरतेश हसायचा आणि मागून पायडल मारत राहायचा. तो कशालाच नाही म्हणायचा नाही. फक्त एका गोष्टीत त्याची नजर घड्याळावर असायची. सूर्य बुडाल्यावर तो अन्नाला शिवत नसे, पाण्यालाही नाही. बुडायच्या आत जेवलं तर जेवलं, नाहीतर थेट दुसऱ्या दिवशीचा सूर्य.

जैन माणसाचा हा नेम सुभेदारांना नवा नव्हता. उभा जन्म शेजारात गेला होता. पण बाकीच्या वर्षी हे चातुर्मासापुरतं असायचं. कार्तिकी पौर्णिमा होऊन गेली, मार्गशीर्ष निम्मा सरला, तरी भरतेशचा नेम चालूच होता.

"तुझा चातुर्मास ह्या वर्षी आठ महिन्यांचा हाय काय रं?" सकाळी धरणाच्या भिंतीवर चहा पिताना सुभेदारांनी छेडलं.

"ऱ्हाऊ द्या, दादा. चाललंय तर चाललंय."

"आणि साखरेच्या गोळ्या? पोट रिकामं ठिवून गोळी घेतलीस तर चक्कर येऊन पडशील. मला पाठीवर न्यावं लागंल."

"तुमी टायमिंग सांभाळा. मी नेम सांभाळतो."

हा टोमणा सुभेदारांना लागला. त्यांनी फोनवर सूर्यास्ताची वेळ बघितली आणि जाहीर केलं की सूर्य बुडायच्या तासभर आधी आपण पूर्वेच्या खिंडीत असू. तिथं सपाट जागा आहे, भरतेशच्या बायकोनं, आक्काताईंनी, दिलेला डबा तिथं उघडायचा. त्यांचा फोन सायकलच्या हँडललाच अडकवलेला असे. नकाशासाठी, असं ते सांगत. खरं कारण पृथ्वीराज. त्यांचा थोरला, दूर बर्फातल्या एका ठाण्यावर. दिवाळीची सुट्टी रद्द झाली होती आणि फोन कधी लागायचा, कधी पंधरा-पंधरा दिवस लागायचा नाही. फौजीच्या बापानं फोनची वाट बघत बसायचं नसतं, असं सुभेदार गावभर सांगत आणि फोन नजरेसमोरून हलू देत नसत.

दुपारपर्यंत सगळं ठरल्याबरहुकूम झालं. मग पश्चिमेच्या काठावर एक वाडी लागली आणि सुभेदारांच्या लक्षात आलं की नकाशात सगळं असतं, सासुरवाडी नसते. चंद्राबाईंची आत्या तानुबाई त्याच वाडीत दिलेली. ती रस्त्याच्या कडेला शेणी थापत होती. सायकलवरच्या टोपीखालचा जावई तिनं लांबूनच ओळखला.

"जावईबापू, दारावरनं तसंच गेलासा तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल," ती म्हणाली. हात तिचे शेणानंच भरलेले होते.

सुभेदारांनी वेळेचं कारण सांगितलं. तिनं ते ऐकलंसुद्धा नाही. जावई आला की कोंबडी कापायची, ती शिजेपर्यंत जावयानं बाजेवर बसायचं आणि वाडीनं येऊन त्याला बघून जायचं, यात बदल करायचा अधिकार सुभेदाराला काय, जनरललाही नाही. भरतेशनं बाहेर झाडाखाली बसून आपल्या डब्यातल्या दोन दशम्या खाल्ल्या, तानुबाईनं दिलेलं दूध घेतलं आणि उरलेला डबा संध्याकाळसाठी बांधून ठेवला. सुभेदार रस्सा भुरकत होते आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत नव्हते.

निघायला उशीर झाला तो झालाच. नागमोडी रस्त्यानं पूल ओलांडून पूर्वेच्या काठावर आले तेव्हा भरतेश म्हणाला, "दादा, हितंच बसू का? ऊन हाय तवर खाऊन घेतो."

"खिंडीत जाऊ की. अजून टाइम हाय. मी बघितलंय."

भरतेशनं मान डोलवली. तो कधीच नाही म्हणत नसे, हे वर सांगितलंच आहे. चढ सुरू झाला, दोन वळणं झाली आणि दिवा विझवावा तसं ऊन गेलं.

सुभेदारांनी मागं वळून बघितलं. सूर्य पश्चिमेच्या डोंगराआड गेला होता. पाणी काळं पडलं होतं. घड्याळ सांगत होतं की सूर्यास्ताला अजून बराच वेळ आहे. घड्याळ खोटं नव्हतं आणि डोंगरही खोटा नव्हता. पलूसच्या सपाटीवर सूर्य उसाच्या शेंड्यांपर्यंत खाली येतो, मग बुडतो. सुभेदारांची निम्मी नोकरी राजस्थानच्या वाळवंटात गेली, तिथंही तसंच. मध्ये डोंगर उभा असला तर सूर्य फोनवरच्या वेळेची वाट बघत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"डबा काढ," ते म्हणाले. "सूर्य बुडलेला न्हाई. डोंगर आडवा आलाय निस्ता. खा."

भरतेशनं सायकल टेकवली आणि तो कठड्यावर बसला. थंडीतही त्याच्या कपाळावर घाम होता. "मला सूर्य दिसत न्हाई, दादा. दिसत न्हाई म्हंजी बुडला. आईनं असंच शिकवलंय."

"आरं, फोनवर लिहिलंय की."

"फोनचा नेम न्हाई धरलेला."

"पाणी तरी पी."

"तेबी न्हाई."

तो रागानं बोलत नव्हता, म्हणूनच सुभेदारांना जास्त लागलं. थंडीची रात्र, मुक्काम खिंडीपलीकडे उतारावर, आणि हा माणूस पोटात अन्न नाही, घशात पाणी नाही असा सकाळपर्यंत राहणार. मध्येच कोसळला तर? आपण कोंबडी खात बसलो. पुलापाशी तो बसू म्हणाला, तेव्हाही आपणच हाकलला. सुभेदारांना आपली स्वतःचीच लाज वाटली आणि लाज वाटली की त्यांना राग यायचा. काय करावं कळेना म्हणून त्यांनी वर बघितलं.

वरच्या उतारावर ऊन होतं. पिवळ्या गवताचा अख्खा पट्टा उजळलेला होता. आणि बघता बघता त्याची खालची कड वर सरकत होती.

"भरतेश, ऊठ. सूर्य वर हाय."

"कुठं?"

"खिंडीत. सावली चढायच्या आत आपण चढायचं. चलो, उठो."

त्यांनी भरतेशच्या पिशव्या काढून आपल्या सायकलला बांधल्या. चढ इतका उभा होता की सायकलवर बसून जमणार नव्हतं. दोघं ढकलत निघाले. पहिल्या वळणाला भरतेशचा दम तुटला, तेव्हा सुभेदारांनी त्याचीही सायकल घेतली. दोन हातांत दोन सायकली, सगळं ओझं, आणि पोटात तानुबाईची कोंबडी. ती आता प्रत्येक पावलाला आपली आठवण करून देत होती. उन्हाची कड त्यांच्या पुढं चालली होती. कधी ती वीस पावलांवर दिसायची, कधी वळणाआड नाहीशी व्हायची. सुभेदार मागं न बघता "चल, चल" म्हणत राहिले आणि मागून चपचप पावलं येत राहिली.

खिंडीच्या तोंडाशी ऊन आधी त्यांच्या डोक्यावर आलं, मग पाठीवर, मग पायांवर. वळून बघितलं तर पश्चिमेच्या डोंगराच्या माथ्यावर सूर्य टेकायला बोटभर बाकी होतं. सुभेदारांनी दोन्ही सायकली सोडून दिल्या. त्या धडाधड आडव्या झाल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं डबा उघडून भरतेशच्या मांडीवर ठेवला.

"खा. आता तुझ्या आईचं काय म्हणणं न्हाई."

भरतेश आधी घटाघटा पाणी प्याला, मग त्यानं दशमीचा तुकडा मोडला. तेवढ्यात फोन वाजला. सकाळनंतर आता खिंडीतच रेंज आली होती. सुभेदारांची नजर झटकन हँडलकडे गेली. पण वाजत होता तो भरतेशचा फोन, त्याच्या पिशवीत. त्याचे हात भरलेले होते, म्हणून सुभेदारांनी उचलून कानाला लावला. हॅलो म्हणायच्या आत आक्काताई सुरू झाल्या.

"आवं, जेवलासा का न्हाई? कवापास्नं लावतीया. त्या सुभेदारांच्या नादात येळ चुकवू नगा. पृथ्वीराज घरी येऊस्तवर नेम धरलाय न्हवं, मग मोडून कसं चालंल? आलासा का वर?"

सुभेदारांनी हँडलवरच्या आपल्या फोनकडे एकदा बघितलं.

"वैनी, मी बोलतोय," ते म्हणाले. "जेवतोय त्यो. मी बघतोय."

सुभेदारांनी फोन बंद केला. भरतेश खाली मान घालून खात होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"काय सांगायचं? माझ्याबी अंगाखांद्यावर खेळलेलं पोरगं हाय."

सूर्य डोंगराला टेकला. सुभेदार खाली बसले. पोटात तिळाएवढी जागा नव्हती. तरी त्यांनी डब्यात हात घातला आणि दशमी मोडली.

"तुमाला काय घाई, दादा? खाली मुक्कामाला गरम मिळंल की."

"सरक जरा," सुभेदार म्हणाले. "पोरगं माझं हाय."

मग दोघंही भराभर खाऊ लागले, सूर्याची कोर दिसत होती तोवर.