डावी पापणी

डॉन आनिएल्लोंची डावी पापणी जन्मापासूनच अर्धी उतरलेली होती. बाकी माणूस एकदम सरळ; 'डॉन' आमच्याकडे मानाने म्हणतात, बाईला 'डोन्ना'. नेपल्सच्या रस्त्यांवर एकोणतीस वर्षं बस चालवली, आणि ज्याने आमचे रस्ते पाहिलेत त्याला कळेल की हे काही खायचं काम नाही. दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, कारण बाप दारूपायीच गेला होता. पण त्या पापणीने जन्मभर पाठ सोडली नाही. "काय आनिएल्लो, सकाळी सकाळीच लावलीस?" हे त्यांनी रोज ऐकलं. प्रवासी तक्रार करायचे, मग हे डेपोत साहेबासमोर उभे राहून तोंड उघडून फू करून दाखवायचे. आम्ही गल्लीतल्या पोरी त्यांच्यामागे झोकांड्या खात चालायचो. मी सगळ्यांत पुढे.

मी तितिना. मूर्ती करते, नाताळच्या गोठ्याच्या. आमच्याकडे गोठ्यात बाळ येशू एका कोपऱ्यात असतो आणि बाकी अख्खा बाजार भरलेला असतो: मासेवाली, पाववाला, झोपाळू मेंढपाळ. ज्यांना हवं ते आपली गेलेली माणसंही त्यात बसवतात. दुकान आमच्या आजोबांपासूनचं. आत मी माती मळते, बाहेरच्या मांडणीवर माझा धाकटा भाऊ रफेले लोकांशी गोड बोलतो. ते काम मला जमत नाही. कोपरापर्यंत चिखलाने माखलेली असताना कुणी विचारलं की हे हाताने करता का, की माझं डोकंच फिरतं.

तीन वर्षांपूर्वी डॉन आनिएल्लो गेले. त्याच नोव्हेंबरात त्यांची बायको, डोन्ना आमालिया, फोटो घेऊन माझ्याकडे आली.

"ह्यांना गोठ्यात बसवायचंय. चेस्टनट भाजणारा कर. रिटायर झाल्यावर तेच करत होते," ती म्हणाली. "आणि हे बघ पोरी, पापणी सरळ करू नकोस. मला माझाच नवरा हवाय."

खोटं कशाला बोलू, तसा चेहरा माझ्या हातून पुन्हा झाला नाही. ओठांचा कोपरा, वर गेलेली उजवी भुवई, ती पापणी, सगळं आपोआप उतरलं. डोन्ना आमालियाने मूर्ती पाहिली आणि माझे चिखलाचे हात धरून त्यांचे मुके घेतले. पण तिला बोलावण्याआधी, चेहरा भट्टीत घालण्याआधी, मी त्याचा प्लास्टरचा साचा काढून ठेवला होता. असा चेहरा रोज होत नाही, असू दे जवळ, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या वर्षी रफेले मागे लागला. "ताई, बाळ येशू सगळ्यांच्याच दुकानात आहेत. लोकांना हसू येईल असं काहीतरी दे. घरी नेऊन फ्रिजवर ठेवतील असं."

मी साचा काढला. नाक लाल केलं, गाल लाल केले, हातात बाटली दिली. मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. लाल रंगात ब्रश बुडवताना मला साहेबासमोर फू करणारे डॉन आनिएल्लो डोळ्यांसमोर दिसत होते. तरी बुडवला.

बेवडा हातोहात खपला. बर्लिनला गेला, ओसाकाला गेला, कुठे कुठे गेला. माझ्या मासेवालीकडे कुणी ढुंकून बघेना, सगळ्यांना बेवडाच हवा. डोन्ना आमालिया चौथ्या मजल्यावर राहते, गुडघे गेलेत, भाजीसुद्धा दोरीला टोपली बांधून वर ओढते. खाली अशी उतरत नाही. तरी ती चर्चला जायला उतरायची त्या दिवशी मी सगळे बेवडे भिंतीकडे तोंड करून ठेवायची.

"ह्यांनी काय गुन्हा केला?" रफेले हसायचा.

"ग्राहक बघ तुझे," मी म्हणायची.

आता ह्या डिसेंबरात, गोठे मांडायच्या दिवसांत, डोन्ना आमालिया एकेक पायरी मोजत दुकानात आली. हातात गाठ मारलेला रुमाल. आत डॉन आनिएल्लोंच्या डोक्याचे तुकडे. मांजराने पाडले होते.

"फोटो आहे ना?" मी विचारलं.

"तो कबरीवर लावला होता, पावसाने धुऊन गेला. दुसरा नाही. फोटो काढायची वेळ आली की तोंड फिरवायचे, का ते तुला ठाऊकच आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुझ्या हातांना आठवत असेल ना गं? नाहीतर मी त्यांना पुन्हा कुठे बघू?"

साचा तिच्यापासून चार हातांवर, फळीवर, फडक्याखाली होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. "बघते, आठवडा लागेल," असं म्हटलं. वाळवायला, भाजायला, रंगवायला आठवडा लागतोच. चेहऱ्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

आठवड्याने ती आली. मूर्ती हातात घेतली, खिडकीच्या उजेडात नेली, अंगठ्याने ती पापणी चाचपली आणि रडली. मग दारात जाऊन समोरच्या दुकानदारांना, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायला लागली. "नुसत्या आठवणीतून केलंय हिने! माझ्याइतकंच हिच्याही लक्षात राहिले ते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोरचा म्हातारा मूर्तिकार, ज्याने चाळीस वर्षांत माझ्या कामाला कधी बरं म्हटलं नाही, त्याने टोपी काढली. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ना, ते मला त्या क्षणी कळलं.

आणि ह्या सगळ्या घाईत बेवडे भिंतीकडे वळवायचे राहिले होते.

मांडणीपाशी एक परदेशी जोडपं उभं होतं. माणूस चांगला धिप्पाड, पांढरी दाढी, अंगावर नवा कोरा रेनकोट. रफेलेने त्याच्या हातात बेवडा दिला. माणूस हसला, बायकोला दाखवला, मग स्वतःचा डावा डोळा अर्धा मिटला आणि भर गल्लीत झोकांड्या खाऊन दाखवल्या. मी नऊ वर्षांची असताना खायची ना, हुबेहूब तशा.

डोन्ना आमालियाने त्याच्या हाताकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे. मग मांडणीकडे, जिथे आणखी पाच जण पापणी पाडून बाटली धरून उभे होते.

ती ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली आणि आमच्या भाषेत, शांतपणे म्हणाली, "ते पीत नव्हते."

माणूस हसून मान हलवत राहिला. त्याला काय कळणार?

"तितिना, तुला येतं ह्यांचं बोलणं," ती मागे न वळता म्हणाली. "सांग त्याला. म्हणावं, जन्मात थेंब घेतला नाही. डोळाच तसा होता."

रफेले माझ्याकडे बघत होता. माणूस माझ्याकडे बघत होता, पाकीट अर्धं उघडलेलं.

मी इंग्रजीत म्हटलं, "त्या म्हणतात, तुम्हाला नाताळच्या शुभेच्छा."

माणसाचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याने छातीवर हात ठेवला, वाकला, डोन्ना आमालियाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हळू आवाजात काहीतरी बोलला. मग बेवडा पिशवीत ठेवून बायकोबरोबर गर्दीत गेला.

डोन्ना आमालिया त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली. "समजलं त्याला," ती म्हणाली. "भला माणूस. बघ, हसायचा थांबला." तिने चेस्टनटवाला शालीत गुंडाळला, अगदी तोंडापर्यंत, थंडी वाजेल म्हणून. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"असे किती गेलेत?"

रफेले आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"बरेच," मी म्हटलं.

"मग त्या सगळ्यांनाही कळव. त्याला सांगितलंस तसंच."

"कळवीन," मी म्हटलं.