सात नंबरची खाट

आयुर्वेदाच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला करिश्मा भद्रावतीला थोरल्या भावाकडे, लोकेशकडे आली होती. तिच्या गुणांना दोनच कॉलेजं मिळण्यासारखी होती. एक हमरस्त्यावरचं, चार मजली, काचेच्या दारांचं. दुसरं आडगावातलं, टिनाच्या छपराचं. पण तिथं सकाळपासून रोग्यांची रांग लागायची.

"मोठं कॉलेज पहिलं टाक," लोकेश म्हणाला. "शंभर खाटा आहेत तिथी. चादरीले साधी सुरकुती नाई."

"कोणी निजतच नाई, तर सुरकुती येईन कुठून?"

"बरं, दुसऱ्या ओळीत तरी टाक. लहान कॉलेजात नंबर नाई लागला तर वर्ष जाईन."

"जाऊ दे."

"काऊन एवढी अडून राह्यली?"

"गेल्या साली त्या मोठ्या कॉलेजात तपासणीले साहेब येणार होते, तवा कॉलेजची जीप आपल्या गावात आली होती. आईसंगं वीस बाया नेल्या. आईले सात नंबरच्या खाटेवर निजवलं अन् साहेब आले की कण्हजो म्हणे. संध्याकाळी पुरी-भाजी देऊन आणून सोडलं."

लोकेश हसला. "असं तर सगळीकडेच चालते. आपल्याले डिगरीशी मतलब."

करिश्मानं पहिल्या ओळीत लहान कॉलेजचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या ओळीवर कागद फाटेल इतक्या जोरानं रेघ ओढली.

"त्या दिवशी आईले खरंच ताप होता, भाऊ. तिनं तिथल्या डॉक्टरले सांगितलं. तो म्हणाला, 'शाबास बाई, साहेबासमोर अस्संच सांगजो.'"