बाळंतिणीच्या खोलीतली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी खिडकी आहे. वडूजजवळच्या एका वाडीत, साळूबाईंच्या घरी माझा जन्म झाला. अर्जुना सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. "आता खोलीत वारं खेळंल," असं तो म्हणाला, आणि मला केवढा अभिमान वाटला. पण पावसाळ्यामागून पावसाळे गेले, माझी झडप फुगून चौकटीला घासू लागली. तिचा खालचा कोपराही मोडला. दुरुस्ती कुणी केली नाही. साळूबाईंची दोन मांजरं, पिवळी आणि बांडी, त्या भोकातून खुशाल ये-जा करू लागली.

लढाईची वर्षं होती ती. साळूबाईंचा मुलगा हंबीरराव पलटणीत, दूर ब्रह्मदेशाच्या बाजूला होता. फाल्गुनात त्यांची सून रंगू बाळंत झाली. मुलगा झाला. नेमकं तेव्हाच आभाळ भरून आलं, आणि परड्यातला लसूण तर नुकता उपटलेला. बाहेर ठेवला तर कुजणार. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असतेच, म्हणून साळूबाईंनी लसणाच्या जुड्या तिथंच टांगल्या, सुपात ओवा पसरला. माझ्या कडीला खोकलीच्या मुळ्या बांधल्या. ही मुळी माणसाला खोकल्यावर देतात. मांजरांना मात्र तिच्या वासानं वेड लागतं.

बाळाजवळ मांजर नको, म्हणून दोघींना बाहेर हाकललं. माझं भोक जुन्या लुगड्याच्या बोळ्यानं गच्च बुजवलं. दाराच्या फटीला पोतं लावलं. बाजेखाली निखारे, त्यावर ओव्याची आणि लसणाच्या सालांची धुरी. वारा आत आणणं हे माझं एकुलतं एक काम, तेच माझ्याकडून काढून घेतलं. माझाच श्वास कोंडला, मग त्या पोरीचं काय होत असेल?

"आवं आत्या, जीव घुसमटतोय. वाईच खिडकी उघडा की," रंगू म्हणाली.

"आन वारं बाधलं म्हंजे? पाचवी हुंदे, मग बगू."

साळूबाई दुष्ट नव्हत्या, मित्रांनो. त्यांचं पहिलं बाळ वाऱ्यानंच गेलं, असं त्या मानत होत्या. म्हणून तर एवढी जपणूक चालली होती.

पाचवीच्या आदल्या दिवशी दुपारी पावसाचे थेंब पडू लागले. साळूबाईंनी शेगडीत आणखी कोळसे घातले, दार ओढलं आणि गोवऱ्या भिजतील म्हणून त्या परड्यात गेल्या. रंगू हाक मारायला गेली, पण आवाज फुटला नाही. तिचा हात बाजेवरून खाली लोंबला. कुरकुरणारं बाळही गप्प झालं. मी सगळं पाहत होते. कडी माझ्याच अंगावर होती, पण ती काढायला मला हात नव्हते. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

तेवढ्यात बाहेर खरखर झाली. कडब्याच्या गंजीवरून मांजरं माझ्यापाशी आली होती. मुळीच्या ओढीनं बांडीनं बोळ्यात नख्या रोवल्या आणि ओढून ओढून तो बाहेर काढला. गार वारा आत शिरला. पाठोपाठ पिवळी शिरली, मुळ्यांवर झेपावली आणि सुपासकट ओवा खाली पाडला.

सूप आदळल्याचा आवाज परड्यात ऐकू गेला, आणि बाळाच्या खोलीत मांजर, या धास्तीनं साळूबाई काठी घेऊन धावत आल्या. दार उघडताच हातातली काठी गळून पडली. बाळाला त्यांनी ओसरीवर नेलं, मग रंगूला ओढत बाहेर आणलं. मोकळ्या हवेत कितीतरी वेळानं बाळ रडलं. मग रंगूनं डोळे उघडले.

संध्याकाळी साळूबाईंनी काय करावं? तोच बोळा घेऊन त्या पुन्हा माझं भोक बुजवायला आल्या. सासूला कधी उलटून न बोलणारी रंगू दारातून म्हणाली, "आत्या, बोळा घालणार आसाल, तर मी आन माजं बाळ आत येणार न्हाई."

साळूबाईंनी बोळा बाजूला टाकला. मग त्यांनी मुळ्या सोडल्या, कडी काढली. माझी फुगलेली झडप हलेना, तेव्हा वरवंट्यानं ठोकून ठोकून उघडली. फार दुखलं, पण मी तक्रार केली नाही.

मित्रांनो, आपल्या माणसांना जरूर जपा, पण जपता जपता त्यांना कोंडू नका. कुणी जीव घुसमटतोय म्हणालं, तर तेव्हाच ऐका आणि मला उघडा. दर वेळी मांजर येईलच असं नाही.